ईदचा स्वस्त कुर्ता आणि शिवणाऱ्याची मजुरी

रमजानचा शेवटचा अशरा लागला की आमच्या बाजारांत रात्र उरत नाही. मुंबईचा मोहम्मद अली रोड आणि नळ बाजार असो, भिवंडी-मालेगाव असो की सोलापूर-नांदेड, तरावीहची नमाज आटोपून बाहेर पडलेले लोक सहेरीच्या वेळेपर्यंत कपड्यांची दुकाने हलती ठेवतात. दुकानदाराने भाव सांगायचा, गिऱ्हाइकाने निम्मा मागायचा, दोन पावले पुढे निघून जायचे आणि दुकानदाराने "भाभी, शेवटचं बोला" म्हणत मागून हाक मारायची, हा खेळ आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. घरी आल्यावर कापड कसे आहे यापेक्षा किती कमी करून आणले तेच आधी सांगितले जाते. साडेचारशेचा कुर्ता साडेतीनशेला आणणारा घरात हुशार ठरतो. आम्हीही आजवर असेच हुशार ठरत आलो आहोत.

या पानावर आम्ही एरवी धंदा कसा वाढवावा, भांडवल कोठून उभारावे, व्याजापासून कसे वाचावे याविषयी लिहितो. आज त्या कमी केलेल्या शंभर रुपयांविषयी लिहायचे आहे. ते कोणाच्या खिशातून आले?

हिशोब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, गावोगावी ते वेगळे पडतील, पण धंद्यातल्या माणसाला त्यांचे प्रमाण ओळखू येईल. दुकानात ४५० रुपयांना मिळणारा एक साधा कुर्ता घ्या. त्यात कापड १५० रुपयांचे. कटिंग, काज-बटण, धागा कापणे, प्रेस आणि पॅकिंग मिळून २५. शिलाई ४०. कारखानदाराचे भाडे, वीज आणि नफा ३५. माल कारखान्यातून २५० ला निघाला. घाऊक व्यापारी व वाहतूक यांचे ५० धरून तो दुकानात ३०० ला पोहोचला, आणि वरचे १५० दुकानदाराचे. हे दीडशे काही निव्वळ नफ्याचे नाहीत. त्यात दुकानाचे भाडे आहे, दिवाबत्ती आहे, नोकरांचे पगार आहेत आणि ईदनंतर अंगावर पडणारा माल आहे.

आता गिऱ्हाइकाने शंभर कमी केले. म्हणजे कुर्ता ज्याने शिवला त्याच्या पूर्ण शिलाईच्या अडीच पट रक्कम एका घासाघिशीत सुटली. दुकानदार ती एकदा सोसेल. पुढच्या खेपेला तो घाऊक व्यापाऱ्याला दाबेल, व्यापारी कारखानदाराला दाबेल. कारखानदाराने कोणाला दाबायचे? सुताचा आणि कापडाचा भाव बाजार ठरवतो. विजेचे बिल कंपनी ठरवते, गाळ्याचे भाडे मालक ठरवतो. त्याच्या सगळ्या खर्चात एकच रक्कम अशी आहे की जिच्या मागे कोणी उभे नाही, आणि ती म्हणजे कारागिराची मजुरी. वरून आलेला दाब तेथे येऊन थांबतो.

धारावी, मदनपुरा, गोवंडी या वस्त्यांतले शिलाईचे आणि जरीचे गाळे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना फार सांगायला नको. लोखंडी जिन्याने वर चढायचे, वर एक लांबट खोली, भिंतीला लागून मशिनींची रांग, छताला पंखे आणि ट्यूबलाइट. मुलगे बिहारचे, उत्तर प्रदेशचे, बंगालचे. दिवसा ज्या फरशीवर कापडाचे तागे पडतात तिथेच रात्री चादर टाकून झोपायचे. जरीच्या गाळ्यात अड्डा भिंतीला उभा केला की तेवढीच झोपायला जागा. मजुरी नगावर. काम असले तर चौदा-चौदा तास, नसले तर शून्य. दर आठवड्याला जेवणापुरती खर्ची मिळते आणि बाकीचा हिशोब गावी जाताना होतो. हा "गावी जाताना" शब्द फसवा आहे. कारागिराला ईदला घरी जायचे असते, आणि शेठ म्हणतो, दुकानदारांकडून उधारी ईदनंतर येणार, आता अर्धे घेऊन जा. ज्याने महिनाभर रोजे धरून आपल्या मुलांचे नवे कपडे शिवले त्याच्या मुलांच्या कपड्यांचे पैसे अशा रीतीने ईदनंतर येतात.

शिवण्याआधी कापड विणावे लागते. भिवंडी आणि मालेगावचा माग हा तर आपला जुना वारसा. १८५७ नंतर उत्तरेतून परागंदा झालेले मोमिन विणकर महाराष्ट्रात येऊन वसले, त्यांच्या हातमागाचे पुढे यंत्रमाग झाले. आज तेथे एकेका माणसाकडे चार-सहा माग असतात, पाळी बारा तासांची, आवाज असा की कानाशी तोंड नेऊन बोलावे लागते. मजुरी मीटरवर. कापडात दोष निघाला तर कपात. भिसीत जेवायचे आणि तिघा-चौघांत एक खोली घ्यायची. २०२० च्या टाळेबंदीत हीच माणसे रमजानच्या दिवसांत मुंबई-आग्रा महामार्गाने पायी चालताना साऱ्या देशाने पाहिली. त्यांच्याकडे महिनाभर तग धरण्याइतकी शिल्लक नव्हती, हे त्या चालण्याने उघडे केले. इतकी वर्षे ज्या हातांनी कापड विणले त्या हातांत शिल्लक का नव्हती, हा प्रश्न मात्र माग सुरू होताच विसरला गेला.

येथे मागवाल्यांवर अन्याय होऊ नये. ज्याला आपण शेठ म्हणतो तो पुष्कळदा व्यापाऱ्याच्या सुतावर जॉबने कापड विणून देणारा असतो. व्यापारी मीटरमागे जो दर देतो त्यातच वीज, भाडे, दुरुस्ती आणि मजुरी बसवायची. अलीकडच्या वर्षांत कितीतरी जणांनी माग भंगारात घातले. तेव्हा सगळा दोष त्याच्या माथी मारून मोकळे होणे सोपे असले तरी खरे नाही.

सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले की मुसलमान कामगार मोठ्या प्रमाणात घरबसल्या आणि असंघटित कामांत आहेत, आणि तंबाखू, कापड व तयार कपडे यांसारख्या उद्योगांत त्यांचा भरणा विशेष आहे. आपण या अहवालाचा उल्लेख सरकारला जाब विचारण्यासाठी करतो, आणि तो करायलाच हवा. पण या विशिष्ट बाबतीत एक अडचण आहे. शिवणारा आमचा, शिवून घेणारा बऱ्याचदा आमचा, विकणारा आमचा आणि ईदला विकत घेणाराही आमचाच. मग जाब विचारायला मंत्रालयापर्यंत जाण्याची गरज नाही.

दीनची शिकवण या बाबतीत इतकी स्पष्ट आहे की ती सांगताना संकोच वाटतो, कारण ती प्रत्येकाला ठाऊक आहे. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी चुकती करावी, कामाला लावण्याआधी मजुरी किती ते त्याला सांगावे, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले. ज्या तीन माणसांविरुद्ध न्यायनिवाड्याच्या दिवशी खुद्द अल्लाह फिर्यादी असेल, त्यांत मजुराकडून पुरे काम घेऊन त्याची मजुरी न देणारा एक आहे. आणि हाताखालच्यांविषयीची ती शिकवण तर कापडाच्या धंद्यासाठीच असावी असे वाटते: आपण जे खावे ते त्यांना खाऊ घालावे, आपण जे ल्यावे ते त्यांना लेववावे, आणि झेपणार नाही एवढा भार त्यांच्यावर टाकू नये. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात एक संपूर्ण सूरह आहे. मापात मारणे म्हणजे केवळ तराजूची दांडी मारणे नव्हे. चौदा तासांचे काम घेऊन आठ तासांची मजुरी देणे हेही मापच आहे.

यावर आमचे काही व्यापारी मित्र म्हणतात की कारागीर राजीखुशीने दर कबूल करतो, व्यवहार दोघांच्या संमतीचा आहे, मग त्यात वावगे काय? संमती ही व्यापाराची अट आहे हे खरेच. पण ज्याला आज काम नाकारले तर उद्या भिसीवाल्याला काय द्यायचे याची चिंता आहे, त्याचे "हो" आणि पोट भरलेल्याचे "हो" सारखे नाही. फिकहच्या ग्रंथांत नडलेल्या माणसाच्या सौद्याची वेगळी चर्चा आहे ती उगीच नाही. रास्त मजुरीला तेथे उजरत-ए-मिस्ल म्हणतात, म्हणजे तशा कामाला न्यायाने जी पडायला हवी ती. आपल्या देशाचा कायदाही फार वेगळे सांगत नाही. १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला. २०१९ च्या वेतन संहितेत त्याच्यासह मजुरीविषयक चार कायदे एकत्र केले गेले. आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम घेणे ही राज्यघटनेच्या कलम २३ प्रमाणे वेठबिगारीच होय. मजूर राजी होता का, हा प्रश्न न्यायालयाने निर्णायक मानला नाही. पोटाची सक्ती हीही सक्तीच, असे धरले.

एक उदाहरण आम्हाला पुन्हा पुन्हा आठवते. इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यात रेशमी कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या चरित्रात सांगतात की एक बाई रेशमी वस्त्र विकायला आली आणि तिने शंभर दिरहम मागितले. इमामसाहेब म्हणाले, याची किंमत जास्त आहे. तिने शंभर वाढवले, ते पुन्हा तेच म्हणाले. असे होत होत ती चारशेवर आली आणि तिला वाटले आपली थट्टा चालली आहे. तेव्हा त्यांनी जाणकार माणसाला बोलावून किंमत करवली आणि पाचशेला ते वस्त्र घेतले. खरेदीदाराने भाव चढवल्याची ही गोष्ट आहे. आपण ती मौलवीसाहेबांच्या बयानात ऐकतो, सुबहानल्लाह म्हणतो आणि नळ बाजारात जाऊन निम्मा भाव मागतो.

याच महिन्यात आपण जकात काढतो, फित्रा देतो, मोहल्ल्यात कपडे वाटतो. देणाऱ्यांची नियत आम्ही बोलून दाखवणारे कोण? पण जकात आणि मजुरी यांचे खाते एक नव्हे. मजुरी हा कारागिराचा हक्क आहे, जकात हा गरिबाचा हक्क आहे, आणि एकाचे बुडवून दुसऱ्याचे भरता येत नाही. वर्षभर नगामागे पंधरा रुपये कमी दिलेल्या कारागिराच्या हातात रमजानमध्ये शिधा आणि दोन जोड कपडे ठेवले, तर त्याला त्याचेच पैसे दान म्हणून मिळाले. शिवाय त्यासाठी त्याला रांगेत उभे राहावे लागले.

आता दुसरी बाजू. आमच्या वाचकांत रिक्षा चालवणारे आहेत, भाजी विकणारे आहेत, तीन मुलांचे ईदचे कपडे हजारात बसवणाऱ्या आया आहेत. त्यांना आम्ही "महाग घ्या" असे सांगावे काय? ते सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. शिवणारा कारागीरही आपल्या मुलांसाठी हातगाडीवरचाच कपडा घेतो. आणि महाग घेतल्याने मजुरी वाढतेच असेही नाही. काचेच्या दुकानातला तीन हजारांचा शर्ट त्याच गाळ्यातल्या त्याच मशिनीवर शिवलेला असू शकतो. वरचे पैसे नावाचे आणि जाहिरातीचे.

मग असा माल घेणेच बंद करावे, हा उपाय तरुण मंडळी सुचवतात. त्यांनी शेजारच्या बांगलादेशाकडे पाहावे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून ११३४ माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद राहिली, कपडे शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावले गेले. त्याच्या आधीच, ११ सप्टेंबर २०१२ रोजी, कराचीतल्या कपड्याच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार दगावले होते. दोन्हीकडे मालक-मजूर बहुतांश मुसलमान, आणि दोन्हीकडचा माल युरोप-अमेरिकेच्या स्वस्त दुकानांकडे जाणारा. तेव्हाही पश्चिमेत बहिष्काराची भाषा झाली. बांगलादेशातल्या कामगार संघटनांनी सांगितले की आमचे काम काढून घेऊ नका, इमारती सुरक्षित करा आणि मजुरी वाढवा. तेथील कपडे उद्योगाचे किमान वेतन २०१० मध्ये महिना ३००० टका होते, २०१३ च्या अखेरीस ते ५३०० झाले, २०१८ मध्ये ८००० आणि २०२३ मध्ये १२,५०० टका. कामगारांची मागणी शेवटच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होती, तेव्हा समाधान कोणाचेच झाले नाही. पण जी वाढ झाली ती दुकानावर पाठ फिरवल्याने झाली नाही. ती कामगारांच्या संघर्षाने झाली, आणि माल घेणाऱ्या कंपन्यांना इमारती तपासण्याचा करार करावा लागला तो घेणाऱ्यांनी प्रश्न विचारत राहिल्याने.

तेव्हा आमचा रोख एकट्या गिऱ्हाइकावर नाही. ज्यांच्या हातात दर ठरवणे आहे त्यांच्यावर आहे. शंभर डझनाची ऑर्डर देणारा दुकानदार, हजार नग उचलणारा घाऊक व्यापारी, आणि (हे विशेष करून) आमच्या संस्था. अंजुमनांच्या शाळांचे गणवेश, मदरशांच्या मुलांचे कपडे, सामुदायिक विवाहातले जोड, रमजानमध्ये वाटायचे कपडे ही सगळी खरेदी ठोक असते आणि ती कारागिराच्या मजुरीवर थेट परिणाम करते.

हे आम्ही शहाजोगपणे सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या एका शाळेच्या गणवेश समितीत आम्ही होतो. तीन दरपत्रके आली. सर्वांत कमी दराचे आम्ही पाच मिनिटांत मंजूर केले आणि समाजाचे पैसे वाचवल्याच्या आनंदात चहा घेतला. जूनमध्ये कपडे आले, चांगलेही होते. ऑगस्टमध्ये एक बाई शाळेत आल्या. त्यांची मुलगी त्याच शाळेत शिकत होती. ठेकेदाराने सलवारींची शिलाई मोहल्ल्यातल्या बायकांना घरी दिली होती, त्यांच्याही वाट्याला काम आले होते, आणि दोन महिने झाले तरी मजुरी मिळाली नव्हती. त्या आमच्याशी फार अदबीने बोलल्या. म्हणाल्या, "भाईसाहेब, तुम्ही ठेकेदाराला एक शब्द टाकला तर बरं होईल." ठेकेदाराला विचारले तर तो म्हणाला, संस्थेने माझे बिल अजून दिले नाही. ते खरे होते. बिल आमच्या खजिनदाराकडे पडून होते, कारण घाई कोणालाच नव्हती. नगामागे त्या बाईंना काय दर मिळत होता तोही त्या दिवशी कळला. तो येथे छापण्याची आम्हाला लाज वाटते.

बिल वेळेवर देणे ही या साऱ्यातली सर्वांत सोपी गोष्ट आहे आणि तीच सर्वांत कमी घडते. कपड्याच्या बाजारात नव्वद दिवसांची, कधी सहा महिन्यांची उधारी हा रिवाज होऊन बसला आहे. २००६ च्या लघुउद्योगविषयक कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन आहे. १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या कर-निर्धारण वर्षात प्राप्तिकराच्या नियमाने त्याला दात आले: मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येईना. तेव्हा कापड बाजारात मोठा आरडाओरडा झाला, माल परत आले, व्यापाऱ्यांची शिष्टमंडळे दिल्लीला गेली. लहान गाळेवाल्यांना त्याचा उलटा त्रासही झाला, कारण नोंदणी नसलेल्याकडून माल घेणे व्यापाऱ्याला सोयीचे वाटू लागले. पण प्राप्तिकर खात्याच्या धाकाने जे करायचे ते घाम वाळण्याच्या शिकवणीने आधीच करायला काय हरकत होती?

दुसरी गोष्ट मजुरी वाढवण्याची, आणि येथे वरच्या हिशोबाकडे परत यावे लागते. शिलाई चाळीसवरून पंचावन्न केली तर कुर्त्यामागे १५ रुपये वाढतात. पण बाजाराची सवय टक्क्याने नफा लावण्याची. कारखान्यातून २५० ला निघालेला माल ४५० ला विकला जातो, त्या प्रमाणात हे पंधरा गिऱ्हाइकापर्यंत पोहोचेतो सत्तावीस होतात, आणि मग सगळे म्हणतात की मजुरी वाढवल्याने माल महागला. वाढ टक्क्याने पुढे न ढकलता रुपयाने ढकलली तर साडेचारशेचा कुर्ता चारशे पासष्टला मिळेल. रिक्षावाल्या भावालाही पंधरा रुपये जड नाहीत असे आम्ही म्हणणार नाही, पण ते शंभराच्या घासाघिशीत दिसतही नाहीत. दुकानदार आणि व्यापाऱ्यांनी एका सीझनपुरते, एका मालापुरते हे करून पाहावे. मजुरीतल्या वाढीवर आपला टक्का लावायचा नाही, एवढाच नियम.

गिऱ्हाइकाने काय करावे? घासाघीस बंद करावी असे आम्ही म्हणत नाही. बाजार आहे, भाव होणारच. ओळखीच्या दुकानदाराला एवढे विचारावे की भाईजान, हा माल कोठे शिवला, कारागिरांचा हिशोब ईदच्या आधी झाला का? पहिल्या दिवशी तो हसेल. दहा जणांनी विचारले की तो कारखानदाराला फोन करील. आणि जे सहज देऊ शकतात, ज्यांच्या एका इफ्तार पार्टीचा खर्च गाळ्यातल्या एका मुलाच्या महिन्याच्या कमाईहून जास्त आहे, त्यांनी तरी पन्नास रुपयांसाठी दोन पावले निघून जाण्याचा खेळ सोडावा.

त्या बाईंचे पैसे नंतर मिळाले. संस्थेने बिल दिले आणि ठेकेदाराने आमच्यासमोर हिशोब केला. पुढच्या वर्षी दरपत्रकाच्या कागदात समितीने एक रकाना वाढवला: नगामागे शिलाईची मजुरी किती आणि ती किती दिवसांत देणार. दोन सदस्यांचा विरोध होता, त्यांच्या मते ही आमची चौकशी नव्हे. त्या वर्षी तीन दरपत्रके आली. दोघांनी रकाना भरला होता. तिसऱ्याने, ज्याचा दर सर्वांत कमी होता, तो कोरा सोडला होता.